नव्या बोटी थांबवायच्या, पण मोजायचं काय?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातले काही हौशी गळवाले शनिवार-रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा उतरून कोकणात जातात, भाड्याची बोट घेतात आणि समुद्रातल्या ठरलेल्या खडकांवर गळ टाकतात. गेल्या काही हंगामांत त्या बंदरात अशा बोटी वाढल्या आणि गोबरा, तांबोशी लागेनाशी झाली. जुन्या बोटवाल्यांनी मत्स्यव्यवसाय विभागाकडे अर्ज करायचं ठरवलंय की यापुढे नव्या बोटीला परवानगी नको. मसुदा लिहायचं काम पुणेकरांच्या गळ्यात पडलंय, आणि कच्चा मसुदा प्रश्नासोबत आहे. अमेरिकेत अशी बंदी आहे असं ऐकलं, ती कशी घातली, आणि तीच इथे उचलता येईल का?

उचलता येईल. पण अर्जात 'बोटींची संख्या गोठवा' एवढंच लिहिलंत तर दोन हंगामांनी हाच प्रश्न पुन्हा विचाराल. कारण साध्या हिशेबात आहे.

समजा बंदरात अशा १० बोटी आहेत. प्रत्येक बोट हंगामात ४० फेऱ्या करते, फेरीला सरासरी ४ पाहुणे. म्हणजे १० × ४० × ४ = १,६०० माणूस-दिवस. आता बोटी १० वरच गोठवल्या. उद्या त्याच १० मालकांनी मोठी फायबरची बोट घेतली, ६ पाहुणे न्यायला लागले, आणि फक्त शनिवार-रविवारवर न थांबता आडवारीही फेऱ्या लावल्या. ऑक्टोबर ते मे हे साधारण ३५ आठवडे. त्यात १५० फेऱ्या करणं एखाद्या उद्योगी नाखव्याला जड नाही. १० × १५० × ६ = ९,०००. बोट एकही वाढली नाही, आणि खडकावरचा ताण साडेपाच पटींच्या वर गेला. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण तुमच्या बंदराचे खरे आकडे घालून हेच गणित मसुद्याच्या पहिल्या पानावर मांडा. अधिकाऱ्याला पटवायला याहून सोपं काही नाही, आणि अर्ज करणाऱ्या मालकांनाही आपण नेमकं काय मागतोय ते यातूनच कळेल. त्यांच्यातल्या एखाद्याचा चेहरा हे गणित बघून उतरला तर समजा, मोठी बोट घ्यायचा बेत त्याचाच होता.

तेव्हा गोठवायच्या त्या आसनं आणि फेऱ्या. बोट ही फक्त परवाना लटकवायची खुंटी.

त्याआधी कोणत्या माशासाठी हे चाललंय ते नक्की करा. मसुद्यात सुरमई, कुपा, गोबरा, तांबोशी अशी सरसकट यादी असेल तर सुरमई आणि कुपा काढून टाका. हे भटके मासे. आज तुमच्या खडकापाशी, आठवड्याने पन्नास मैलांवर. त्यांच्यावर ट्रॉलर, पर्ससीन (थवा घेरून तळाशी आवळायचं मोठं जाळं) आणि सगळ्या किनाऱ्याच्या जाळ्यांचा भार आहे; हौशी गळाच्या दहा बोटी थांबवून सुरमई वाढेल असं लिहिलंत तर सुनावणीत पहिला हरकतदार तेच वाक्य वाचून दाखवेल, आणि तो बरोबर असेल. गोबरा आणि तांबोशीची गोष्ट वेगळी. हे खडकाला धरून राहतात, सावकाश वाढतात. गोबऱ्याच्या बहुतेक जाती जन्माला मादी म्हणून येतात आणि मोठ्या झाल्यावर त्यातले काही नर होतात. हौशी गळवाल्याला फोटोसाठी सगळ्यांत मोठाच हवा असतो, म्हणजे निवडून निवडून नरच उचलले जातात. त्यात ट्रॉलरचं जाळं खडकावर फाटतं म्हणून ट्रॉलर तिथून लांब राहतो. खडकावरचा ताण हा मुख्यतः गळाचाच असतो. म्हणून भाड्याच्या बोटींवरची मर्यादा जर कुठे टिकणार असेल तर ती इथे. मागणी ठरावीक खडकांपुरती ठेवा.

आता अमेरिकेचं. दोन उदाहरणं कामाची आहेत, कारण दोन्हीकडे बंदी घातली गेली आणि दोन्हीकडे ती वेगळ्या जागी गळली.

अलास्कात पॅसिफिक हॅलिबट या मोठ्या चपट्या माशासाठी २००३ पासून भाड्याच्या बोटींना पकडीची एक मार्गदर्शक मर्यादा होती. आग्नेय अलास्कात ती वर्षामागून वर्ष ओलांडली गेली, कारण बोटींना अटकाव नव्हता. मग नियामकांनी ९ डिसेंबर २००५ ही कट-ऑफ तारीख जाहीर केली: यानंतर धंद्यात येणाऱ्याने पुढे परवाना मिळेल असं गृहीत धरू नये. प्रत्यक्ष नियम आला २०१० मध्ये आणि १ फेब्रुवारी २०११ पासून परवाना सक्तीचा झाला. पात्रता अशी ठेवली की २००४ किंवा २००५ मध्ये नोंदवहीत फेऱ्या हव्यात आणि पुन्हा २००८ मध्येही हव्यात. दोन्ही वेळा कमीत कमी ५ फेऱ्या असतील तर परवाना मिळाला, पण विकता न येणारा. १५ किंवा जास्त असतील तर विकता येणारा. प्रत्येक परवान्यावर माणसांची कमाल संख्या छापलेली, आणि ती त्या बोटीने त्या वर्षांत नेलेल्या सर्वांत मोठ्या गटावरून काढलेली, किमान ४. परवाना ठरावीक क्षेत्रापुरता. एका मालकाकडे साधारणपणे पाचाच्या वर परवाने नकोत. छोट्या किनारी गावांसाठी काही परवाने वेगळे राखले.

यातली दोन वर्षांची अट नीट बघा. नुसतं जुनं वर्ष धरलं असतं तर धंदा सोडून गेलेल्यांनाही परवाना मिळाला असता आणि त्यांनी तो विकला असता. नुसतं अलीकडचं वर्ष धरलं असतं तर कुणकुण लागल्यावर घाईघाईने घुसलेले आत आले असते. जुनं आणि नवं दोन्ही मागितलं की दोघेही गळतात.

तरी एवढ्याने भागलं नाही. २०१४ पासून व्यापारी मच्छीमार आणि भाड्याच्या बोटी यांच्यात मासा वाटून द्यायची पद्धत आणावी लागली, माशाच्या लांबीच्या मर्यादा आल्या, दक्षिण-मध्य अलास्कात आठवड्यातला एक वार हॅलिबटला बंद करावा लागला, आणि परवान्यामागे दिवसाला एकच फेरी असं बंधन आलं. परवाने मोजलेले असूनही. शिवाय तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, न घेता जाणाऱ्या हौशी माणसावर ही लांबीची बंधनं नव्हती, त्याला दिवसाला दोन मासे कोणत्याही आकाराचे. म्हणजे तांडेल न देता नुसती बोट भाड्याने द्यायची वाट मोकळीच राहिली. तुमच्या मसुद्यात 'भाड्याची बोट' याची व्याख्या करताना तांडेलासकट आणि तांडेलाविना, दोन्ही घाला. नाहीतर पहिल्याच महिन्यात बोटवाला म्हणेल, मी कुठे मासेमारीला नेतो, मी तर होडी भाड्याने देतो.

मेक्सिकोच्या आखातात रीफ फिश म्हणजे खडकमासे आणि किनारी भटके मासे यांच्यासाठी भाड्याच्या बोटींना नवे परवाने २००३ मध्ये थांबवले. तिथली कट-ऑफ तारीख २९ मार्च २००१. आधी तात्पुरतं म्हणून आलेलं हे बंधन २००६ मध्ये बेमुदत झालं. परवाना विकता येतो, पण घेणाऱ्याची बोट परवान्यावरच्या प्रवासी संख्येपेक्षा जास्त माणसं नेणारी नको. तुमच्या १,६०० विरुद्ध ९,०००च्या गणिताला हे थेट उत्तर आहे. आणखी एक चांगली गोष्ट त्यांनी केली: जो तांडेल वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या मालकीची बोट चालवत होता, त्याला स्वतःच्या नावावर वेगळ्या प्रकारचा परवाना मिळण्याची सोय ठेवली. कोकणात हे कलम अमेरिकेपेक्षा जास्त लागेल. बोट पुण्या-मुंबईच्या माणसाच्या नावावर आणि तांडेल गावातला, असं असेल तर 'जुना धंदेवाला' कोण?

आखातात गळती झाली ती अशी. तांबड्या स्नॅपरचा एकच हौशी कोटा होता, त्यातून भाड्याच्या बोटीही खात आणि स्वतःची बोट घेऊन जाणारेही. भाड्याच्या बोटी गोठवलेल्या, खाजगी बोटींना मोकळं रान. राज्यांनी आपल्या पाण्यात हंगाम लांबवले, पण केंद्रीय परवाना असलेल्या भाड्याच्या बोटीला तिथेही मासा धरायची मुभा नव्हती. २०१४ मध्ये केंद्रीय पाण्यातला हंगाम आक्रसून ९ दिवसांवर आला. मग २०१५ पासून कोटा दोन भागांत तोडला: भाड्याच्या बोटींना ४४ दिवस मिळाले, खाजगींना १०. म्हणजे बोटी गोठवून १२ वर्षं झाल्यावर त्या बोटवाल्यांना गोठवण्याचा फायदा दिसला, तोही वाटा वेगळा काढून दिल्यावर. तुमचे नाखवे अर्ज करतायत ते 'आमचा मासा आम्हाला राहील' या आशेने. तो राहणार नाही, जोवर पुण्याहून स्वतःची फुगवायची बोट गाडीच्या टपावर बांधून येणाऱ्यालाही खडकावर तोच नियम लागत नाही. हे तुम्हा पुणेकरांना आवडणार नाही. पण मसुदा तुम्हीच लिहिताय, तेव्हा कलम तुमच्याच हाताने घालावं लागेल.

तारीख आधी, नियम नंतर

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. अर्ज दिला, बातमी फुटली, चौकशी सुरू झाली, आणि वर्षभरात बंदरात बोटी दुप्पट. 'परवाने बंद होणार' ही अफवा बोटी वाढवायचं सगळ्यांत खात्रीचं औषध आहे. म्हणून कट-ऑफ तारीख ही अर्जातली पहिली मागणी हवी, आणि ती जाहीर सूचनेने एका दिवसात निघेल इतकी छोटी हवी. सूचनेत तीनच गोष्टी असाव्यात: अमुक बंदरातून, अमुक खडकांवर हौशी मासेमारीसाठी माणसं नेणाऱ्या बोटींवर मर्यादा घालायचा विचार आहे, अमुक तारखेनंतर सुरू झालेल्या धंद्याला पुढे परवाना मिळेलच असं नाही, ही सूचना म्हणजे कुणाला परवान्याचं आश्वासनही नाही. तिसरं वाक्य विसरू नका. ते नसलं की तारखेआधीचा प्रत्येक जण परवाना हक्काचा समजून कोर्टात जातो.

तारीख मागची धरू नका, सूचनेच्या दिवसाचीच धरा. धंदा करायचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये आहे. त्यावर १९(६) खाली वाजवी बंधनं घालता येतात, पण ती वाजवी दिसली पाहिजेत. दोन वर्षं मागची तारीख आणि त्या आधीचे नेमके अर्जदारच पात्र, असं दिसलं तर ते वाजवी दिसत नाही, टोळीबंदी दिसते.

पुरावा कुठून आणायचा

अमेरिकेत पात्रता ठरवायला नोंदवह्या होत्या. आपल्याकडे नाहीत. इथे एक अडचण आहे जी कागदावर कोणी लिहित नाही.

कोकणातल्या बऱ्याच अशा बोटी मूळच्या मासेमारी नौका. नोंदणी मासेमारीची, परवाना १९८१च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालचा. माणसं पैसे घेऊन नेणं हा वेगळा प्रकार. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून बोटीची पाहणी आणि प्रवासी परवाना लागतो. त्यात इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेल्या, डिझेल इंजिनवाल्या नौकांना मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तो मासेमारीसाठी. आता तुम्ही म्हणालात, गेल्या दोन हंगामांतल्या पर्यटकांच्या फेऱ्यांचा पुरावा आणा. नाखवा तो पुरावा आणेल का? आणला तर विनापरवाना प्रवासी नेले हे त्याने लिहून दिलं, आणि परताव्याचं डिझेल कशाला जाळलं हाही प्रश्न आला. म्हणजे खरा जुना धंदेवाला गप्प बसणार, आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही असा कालचा नवखा कागद घेऊन पुढे येणार. पात्रतेची अख्खी चाळणी उलटी होते.

यावर उपाय एकच: मसुद्यात स्वच्छ मागा की पात्रतेसाठी दिलेली माहिती त्या मागच्या फेऱ्यांबद्दल कारवाईसाठी वापरली जाणार नाही, आणि पात्र ठरलेल्याने ठरावीक मुदतीत, समजा एका हंगामात, सागरी मंडळाची पाहणी आणि विमा पूर्ण करावा. विभाग हे मान्य करेल की नाही हा त्यांचा निर्णय. पण मागितलंच नाही तर मिळणार कुठून? आउटबोर्डवाल्या, म्हणजे मागे बाहेर इंजिन टांगलेल्या, छोट्या फायबर होड्यांना डिझेलचा प्रश्न सहसा येत नाही; प्रवासी परवान्याचा मात्र येतो.

पुरावे म्हणून काय चालेल: यूपीआयने आलेल्या पैशांचे बँक उतारे, आगाऊ बुकिंगचे संदेश, बंदरावर बोट बाहेर पडल्याची नोंद, पाहुण्यांचे तारीख असलेले फोटो ज्यात बोटीचा नोंदणी क्रमांक दिसतो. यांपैकी कोणतेही दोन एकाच तारखेला जुळले की ती एक फेरी धरा. नुसतं प्रतिज्ञापत्र नको. शंभराच्या कागदावर वाट्टेल तेवढ्या फेऱ्या होतात. सरपंचाचा दाखलाही नको, तो गावात सगळ्यांनाच मिळतो, आणि न देणाऱ्या सरपंचाची पुढची निवडणूक आठवून बघा.

फेऱ्यांचा उंबरठा अलास्कासारखा ५ आणि १५ तसाच उचलू नका. तिथला हंगाम उन्हाळ्याच्या काही महिन्यांचा. इथे आठ महिने समुद्र मोकळा असतो, त्यामुळे १० आणि ३० च्या आसपास चर्चा सुरू करा, आणि बंदरातल्या खऱ्या मोजणीनंतर आकडा पक्का करा.

परवान्यावर काय छापायचं

आसनसंख्या, बंदर, खडकांचे क्रमांक, हंगामातल्या कमाल फेऱ्या, तांडेलाचं नाव. बस. इंजिनाचे अश्वशक्ती-आकडे घालायचा मोह टाळा. मोठं इंजिन लवकर पोचतं, पण वारा उठल्यावर लवकर परतही आणतं; सुरक्षेवर बंधन घातल्यासारखं होतं.

विक्रीचं काय? विकता येणारा परवाना म्हणजे किंमत असलेली वस्तू. पहिल्यांदा फुकट मिळालेला कागद पाच वर्षांत बोटीपेक्षा महाग होतो, आणि तो विकत घ्यायची ऐपत तांडेलाच्या मुलाची नसते, पुण्यातल्या गुंतवणूकदाराची असते. अजिबात विकता न येणारा ठेवला तर म्हातारा नाखवा धंदा सोडत नाही, कागद घरात ठेवून दुसऱ्याला चालवायला देतो. दोन्ही वाईट. मधला मार्ग असा: विक्री फक्त त्याच बंदरात राहणाऱ्या आणि स्वतः बोटीवर जाणाऱ्याला; वारसाला थेट; भाड्याने देणं बंद; एका कुटुंबाकडे जास्तीत जास्त २. भाडेपट्टा पकडायचा तर परवाना दरवर्षी मालकाने स्वतः येऊन नोंदवायचा. अलास्कालाही पुढे वार्षिक नोंदणी आणावी लागली.

एक कलम मात्र घालू नका, कितीही न्याय्य वाटलं तरी: 'वर्षात अमुक फेऱ्या केल्या नाहीत तर परवाना रद्द.' हेतू निजलेले परवाने काढायचा असतो. घडतं असं की मेच्या शेवटच्या आठवड्यात, समुद्र खवळायला लागलेला असताना, कोटा भरायला म्हणून रिकाम्या बोटी बाहेर पडतात. मासाही मारला जातो, जीवही धोक्यात. निजलेला परवाना निजू द्या. तो खडकाला काही करत नाही.

अधिकार कोणाचा

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याचं पाणी. १९८१च्या कायद्याने राज्याला ठरावीक क्षेत्रात नौकांची संख्या, काळ, साधनं यांवर बंधन घालता येतं, आणि १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी त्याच चौकटीतली. त्या पलीकडे राज्याचा हा कायदा चालत नाही. म्हणून विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवरचा आंग्रिया बँक, म्हणजे समुद्राखालचं प्रवाळाचं पठार, मसुद्यात असेल तर तो वगळा. मालवणच्या सागरी अभयारण्यातलं पाणी, १९८७ पासूनचं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, तेही वगळा. तिथे वन्यजीव कायदा आणि वनविभाग. मसुद्यात कोणीतरी पवना आणि मुळशीही टाकलेत असं दिसतं. ते तर काढाच. महसीर या गोड्या पाण्यातल्या माशासाठी मर्यादा हवी हे खरं आहे. दख्खनी महसीराचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश निसर्गअभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये केलं ते आपल्याच मुळा-मुठेच्या माशावरून, आणि लोणावळ्याला वळवणच्या उबवणी केंद्रात टाटा पॉवरने १९७०च्या दशकापासून या माशासाठी काम केलंय. पण धरणाचं पाणी एका मालकाच्या ताब्यात असतं, काठ मोजता येतो. तिथे बोटींचे परवाने कशाला, दिवसाला किती गळ आत सोडायचे ते फाटकावर ठरतं. वेगळा अर्ज, वेगळं कार्यालय.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय. तुमचे खडकमासे त्यात कुठे बसतात ते अधिसूचनेत बघून परिशिष्टात लिहा. मोजताना शेपटीला खाच असलेल्या माशाची, जशी सुरमईची, लांबी नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. गोबऱ्याची शेपटी गोल, त्याची टोकापर्यंत. हे न लिहिल्याने बंदरावर भांडणं होतात.

सोडलेला मासा जगतो का

मसुद्यात 'धरा आणि सोडा' करणाऱ्या बोटींना मर्यादेतून सूट द्या अशी ओळ आहे. ती पुणेकरांनी घातली असणार. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथून गोबरा वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी चौपट फुगायला बघते. जठर उलटून तोंडातून फुग्यासारखं बाहेर येतं, डोळे बटबटीत होतात. असा मासा 'सोडला' की पोट वर करून तरंगतो आणि घारी-कुरव त्याला उचलतात. फोटो छान येतो, मासा मेलेला असतो. सूट द्यायचीच असेल तर बोटीवर मासा खाली पोचवायचं साधन सक्तीचं करा. आखातात खडकमासे धरणाऱ्या बोटींवर असं साधन किंवा हवा सोडायची पोकळ सुई तयार ठेवणं जानेवारी २०२२ पासून बंधनकारक झालं.

साधन घरगुती चालतं. बाजारातला भाजीचा जाळीदार प्लॅस्टिक क्रेट उलटा करा, तोंडाच्या चारही कोपऱ्यांना मिळून ४-५ किलो शिसं बांधा, वरच्या बाजूला दोरी, दोरीवर दर ५ मीटरला गाठ. मासा पाण्यातच क्रेटखाली ढकला. फुगलेला असल्याने तो वर येऊन क्रेटच्या तळाला टेकून राहतो. क्रेट तळापर्यंत सोडा. दाब वाढला की पिशवी आकसते आणि मासा खालच्या उघड्या बाजूने निघून जातो. तोंडातला तो फुगा सुईने फोडू नका. ते जठर आहे, हवेची पिशवी नाही. पाणी २०-२५ मीटरच्या आत असेल तर त्रास कमी, पण मासा पाण्याबाहेर फोटोसाठी धरून ठेवलात तर तेही वाया.

नोंदवही

परवाना हातात आल्यावर पहिल्या दिवसापासून नोंदवही हवी, नाहीतर तीन वर्षांनी फेरआढावा कशावर घेणार? एका फेरीला एक ओळ: तारीख, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, पाहुणे, पाण्यात असलेले गळ, खडकाचा क्रमांक, जात, ठेवलेले नग, सोडलेले नग, सोडताना फुगलेला होता का. तांडेल जीपीएसचे आकडे देणार नाही, आणि त्याने का द्यावेत? ते त्याच्या बापाने शोधलेले असतात. नकाशाचे दोन किलोमीटरचे चौकोन पाडा, चौकोनाचा क्रमांक मागा. अमेरिकेत आखातातल्या भाड्याच्या बोटींवर सतत ठावठिकाणा सांगणारं यंत्र सक्तीचं केलं होतं, ते २०२३ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवलं आणि त्यासोबत नोंदींची सगळी योजनाच कोसळली. कमी मागा, पण मिळेल असं मागा.

रिकाम्या फेरीची ओळही भरलीच पाहिजे. फक्त मासा लागलेले दिवस लिहिले तर सरासरी कायम छान दिसते.

आणि खडकवार नोंद का, तर यासाठी. चांगला तांडेल एक खडक रिकामा झाला की दुसऱ्यावर जातो. बोटीमागची पकड पाच वर्षं तशीच दिसते, पाहुणे खूश, अहवाल हिरवा. खाली एकेक खडक संपत चाललेला असतो. शेवटचा खडक संपतो त्या हंगामात पकड एकदम कोसळते, आणि सगळे म्हणतात, यंदा काय झालं कोण जाणे. बंदराच्या बेरजेत हे दिसत नाही, चौकोनवार बघितलं तरच दिसतं. एखाद्या चौकोनात गळामागची पकड पहिल्या हंगामाच्या निम्म्यावर आली की तो चौकोन पुढचे दोन हंगाम बंद, असं आधीच लिहून ठेवा. आकडा पुढे चर्चेत बदलेल, पण तो अर्जातच हवा. मासा कमी झाल्यावर आकडा ठरवायला बसलं की प्रत्येकाला आपापला खडक वाचवायचा असतो.

अर्ज पावसाळी बंदीत द्या, जून-जुलैत, जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्याकडे, सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाला प्रत देऊन. या दिवसांत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, एका सकाळी किनाऱ्याने चालत गेलं की सगळ्या मोजून होतात. प्रत्येक बोटीचा नोंदणी क्रमांक, बसायच्या फळ्या, लाइफ जॅकेटं, गळ अडकवायच्या नळ्या यांची नोंद घ्या. फळ्या मोजताना पुढच्या नाळेवरची फळी धरू नका, तिथे नांगर असतो. आणि इंजिनाची पाटी नि बोटीवरचा क्रमांक एकाच फोटोत आले पाहिजेत. वेगवेगळे फोटो काढले की एकच इंजिन तीन बोटींवर निघतं.